दहा वर्षांचा करार

दरवर्षी विजयादशमीच्या सुमारास नागपूरकडे येणाऱ्या आगगाड्या माणसांनी फुलून जातात. शुभ्र वस्त्रे परिधान केलेले स्त्रीपुरुष स्टेशनावर उतरतात आणि दीक्षाभूमीची वाट धरतात. कोणी विदर्भातील खेड्यापाड्यांतून आलेले असतात, कोणी मराठवाड्यातून, तर कोणी परप्रांतांतून. स्तूपापुढे मस्तक नमवून झाले की ही माणसे पुस्तकांच्या दुकानांकडे वळतात. मांडवात, रस्त्याच्या कडेला, जमिनीवर अंथरलेल्या चादरींवर, जिकडे पाहावे तिकडे पुस्तके मांडलेली असतात. स्वतःला वाचता न येणारी म्हातारी माणसेदेखील नातवंडांसाठी एखादे पुस्तक विकत घेतात. इतर यात्रांतून लोक प्रसाद घेऊन परततात. या यात्रेतून ते ग्रंथ घेऊन परततात.

ज्यांच्या स्मरणार्थ ही यात्रा भरते, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव कोणाला ठाऊक नाही? भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष आणि स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्री म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. येथे जी हकीकत सांगायची आहे, ती त्याच्या कितीतरी आधीची आहे. तेव्हा ते बाबासाहेब झालेले नव्हते. ते बावीस वर्षांचे भीमराव होते. नुकतेच पितृछत्र हरपलेले, हाताशी नोकरी नाही, घरात तरुण पत्नी आणि तान्हे मूल. अशा वेळी साता समुद्रांपलीकडील एका विद्यापीठात जाण्याची संधी अचानक त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. ती स्वीकारावी की नाही, याचा निर्णय त्यांना थोडक्या दिवसांत करायचा होता.

तो निर्णय समजण्यासाठी आधी भीमरावांच्या वडिलांना ओळखले पाहिजे. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. लष्करी शाळेत त्यांनी मुख्याध्यापकाचे काम केले होते. महू येथील छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. महार जातीत जन्मलेल्या मुलाने शाळेत जाणे म्हणजे काय असते, हे भीमरावांना साताऱ्याच्या शाळेत कळले. इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शाळेचा शिपाई नळ सोडील तेव्हाच पाणी प्यायचे आणि शिपाई नसला तर कोरड्या घशाने घरी जायचे. आई भीमाबाई तर मुलगा लहान असतानाच वारल्या होत्या.

पुढे कुटुंब मुंबईस आले. परळच्या चाळीतील एका खोलीत स्वयंपाक, निजणे आणि अभ्यास सारे चाले. माणसे जागी असेपर्यंत त्या खोलीत शांतता मिळणे अशक्य होते. रामजींनी यावर एक उपाय शोधला. ते मुलाला लवकर निजवीत आणि स्वतः जागत बसत. रात्री दोन वाजता मुलाला उठवून दिव्यापाशी बसवीत आणि मग त्याच्या जागेवर आपण आडवे होत. पुस्तकांसाठी तर त्यांनी काय करू नये? तुटपुंज्या निवृत्तिवेतनात मुलाची पुस्तके बसत नसत. मग ते लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवून पुस्तक आणीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून परत करीत.

अशा रीतीने १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्या निमित्ताने झालेल्या सत्कारसभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर या विद्वान गृहस्थांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. केळुसकर गुरुजी एवढ्यावरच थांबले नाहीत. महाविद्यालयाचा खर्च रामजींना झेपेनासा झाला, तेव्हा त्यांनी भीमरावांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे नेले. महाराजांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. तिच्या आधाराने १९१२ साली भीमराव एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाले.

ज्यांचे साहाय्य घेतले, त्यांची सेवा करावी, या विचाराने भीमराव जानेवारी १९१३ मध्ये बडोद्यास नोकरीसाठी गेले. रामजींना हे पसंत नव्हते. त्या संस्थानात आपल्या मुलाला अपमान सोसावे लागतील, अशी भीती त्यांना वाटत होती. नोकरीचा जेमतेम पंधरवडा झाला नाही तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. भीमराव तसेच निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर ते वडिलांसाठी मिठाई घेण्यास उतरले आणि तेवढ्यात गाडी निघून गेली. मुंबईस पोहोचायला त्यांना उशीर झाला. रामजींचे डोळे मुलाच्या वाटेकडेच लागले होते. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि थोड्याच वेळात प्राण सोडला. तो दिवस होता २ फेब्रुवारी १९१३. मिठाईचा तो पुडा आणि सुटलेली ती गाडी यांचे शल्य भीमरावांच्या मनात किती खोल रुतले असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

भीमराव नोकरीवर परत गेले नाहीत. अशा स्थितीत एक नवी वार्ता आली. महाराज सयाजीरावांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षणासाठी पाठवण्याचे ठरवले होते. भीमरावांनी महाराजांची भेट घेतली आणि अर्ज केला. अर्ज मान्य झाला. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती व तीन वर्षे मिळायची होती. मात्र तिला एक अट जोडलेली होती. शिक्षण संपल्यावर विद्यार्थ्याने बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी केली पाहिजे आणि तसा करारनामा आधीच लिहून दिला पाहिजे.

दहा वर्षे हा आकडा नीट ध्यानात घ्या. बावीस वर्षांच्या तरुणाने तीन वर्षे शिकायचे आणि त्यापुढे दहा वर्षे एकाच ठिकाणी सेवा करायची. म्हणजे पस्तीस वर्षांचे होईपर्यंतचे आयुष्य एका सहीने बांधून द्यायचे. तेही कोठे? जेथील नोकरीला वडिलांनी हयातीत विरोध केला होता, तेथे. इकडे घरची स्थिती कशी होती? घरातील कर्ता पुरुष गेला होता. कुटुंबाचा भार थोरले बंधू आनंदराव यांच्यावर येऊन पडला होता आणि त्यांची मिळकत बेताचीच होती. पत्नी रमाबाई जेमतेम पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. मुलगा यशवंत सहा महिन्यांचाही झालेला नव्हता. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजात पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. भीमरावांनी मुंबईतच एखादी बरी नोकरी पत्करली असती, तर कोणीही त्यांना नावे ठेवली नसती. उलट घरच्या माणसांना दोन वेळची निश्चिंती लाभली असती.

दुसऱ्या पारड्यात काय होते? पैसा नव्हता, मानही नव्हता. होती ती केवळ शिकण्याची संधी. परंतु या मुलाला शिकवण्यासाठी एक माणूस वर्षानुवर्षे मध्यरात्रीपर्यंत जागला होता आणि दोन बहिणींचे दागिने सावकाराच्या पेटीत जाऊन आले होते. शिवाय ही संधी पुढच्या वर्षी पुन्हा येईल, याची शाश्वती कोणी दिलेली नव्हती. ४ जून १९१३ रोजी भीमरावांनी बडोद्यास करारनाम्यावर सही केली. त्यानंतर दोन महिने उलटण्याच्या आतच, जुलैमध्ये, ते न्यूयॉर्कला पोहोचलेही होते. कोकणातील एका खेड्यातून निघालेल्या घराण्यातला मुलगा जगातील एका मोठ्या विद्यापीठाच्या पायऱ्या चढत होता.

या निर्णयाची किंमत एकट्या भीमरावांनी मोजली नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. मुंबईच्या चाळीत रमाबाईंनी अत्यंत ओढगस्तीत दिवस काढले. न्यूयॉर्कमध्ये भीमराव पोटाला चिमटा घेऊन राहत आणि शिष्यवृत्तीतून वाचवलेले पैसे घरी पाठवीत. तरीही घरी पुरेसे कधी होत नसे. थोर पुरुषांच्या चरित्रांत अशा गोष्टी बहुधा एका ओळीत आटोपतात. पण ती ओळ ज्यांना जगावी लागते, त्यांना ती फार लांब वाटते.

कोलंबियात भीमरावांना एक नवे जग दिसले. वसतिगृहात, वाचनालयात, भोजनाच्या मेजावर कोणी त्यांना जात विचारत नव्हते. नवल भथेना नावाचा पारशी विद्यार्थी त्यांच्या खोलीत राहत असे. त्याची मैत्री त्यांना जन्मभर पुरली. प्राध्यापक सेलिग्मन यांच्याकडे ते अर्थशास्त्र शिकले. जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाची व्याख्याने त्यांनी मन लावून ऐकली. ज्ञानाची त्यांची भूक अशी होती, की एकट्या अर्थशास्त्राचे त्यांनी एकोणतीस अभ्यासक्रम घेतले. त्याखेरीज इतिहासाचे अकरा आणि समाजशास्त्राचे सहा. दिवसाचे अठरा-अठरा तास ते अभ्यासात घालवीत. सवड मिळाली, की जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जात आणि जेवणातून वाचवलेल्या पैशांनी ग्रंथ विकत घेत. असे सुमारे दोन हजार ग्रंथ त्यांनी जमवले.

न्यूयॉर्कहून त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले होते. माणसाच्या आयुष्यात समुद्राच्या भरतीसारखी एखादी वेळ येते आणि ती साधली पाहिजे, ही शेक्सपिअरच्या नाटकातील कल्पना त्यांनी त्यात सांगितली. आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवले तर आपल्या समाजाची प्रगती वेगाने होईल, असे आग्रहाने लिहिले. स्वतःला मिळालेल्या संधीचा विचार करताना या तरुणाला दूरच्या चाळींतील मुली आठवत होत्या.

१९१५ साली ते एम. ए. झाले. १९१६ साली डॉक्टरेटचा प्रबंध सादर करून ते लंडनला गेले आणि तेथील लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये व बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याचे बडोद्याहून कळवण्यात आले. अर्धा अभ्यास तसाच टाकून परतणे भाग होते. तो पुरा करण्यासाठी लंडनच्या विद्यापीठाने त्यांना ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांची सवलत दिली. ही चार वर्षांची मुदत लक्षात असू द्या. पुढे तिचे काम पडणार आहे.

पहिले महायुद्ध चालू होते. भीमराव एका आगबोटीने निघाले आणि त्यांचे बरेचसे सामान व ग्रंथ दुसऱ्या बोटीने यायचे होते. ती दुसरी बोट शत्रूच्या पाणबुडीने बुडवली. उपाशी राहून जमवलेली ती पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली.

ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईस उतरले. आता करार पाळण्याची वेळ आली होती. भीमराव बडोद्यास गेले. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून त्यांना तयार करण्याचा विचार होता. अमेरिकेत आणि इंग्लंडात विद्वानांच्या पंक्तीला बसून आलेल्या या तरुणाला बडोदे शहरात राहायला खोली मात्र मिळेना. कोणतेही हिंदू भोजनगृह त्यांना घेईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, रोजचे दीड रुपया भाडे देऊन आणि पारशी नाव सांगून, ते राहिले. वरच्या मजल्यावर जुन्या सामानाने भरलेल्या एका अंधाऱ्या जागेत ते एकटेच असत. विजेचा दिवा नव्हता. लहानशा कंदिलाच्या उजेडात ते पुस्तक वाचून मनातील उद्वेग दूर ठेवीत. कचेरीतही सुख नव्हते. विटाळ होऊ नये म्हणून शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरून फेकीत.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीत जाण्यास निघाले असता दहाबारा पारशी हातांत काठ्या घेऊन जिना चढून आले. आमची धर्मशाळा बाटवलीत, संध्याकाळपर्यंत चालते व्हा, असे त्यांनी दरडावले. भीमरावांनी आणखी काही दिवसांची मुदत मागितली. ती मिळाली नाही. ओळखीच्या एका हिंदू मित्राकडे आणि एका ख्रिस्ती मित्राकडे ते गेले. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री होती. तोवर जायचे कोठे? शहरातील कमाठी बागेत ते जाऊन बसले. उच्चविद्याविभूषित असा तो सव्वीस वर्षांचा तरुण एका सार्वजनिक बागेत आपल्या नशिबाचा विचार करीत गाडीची वेळ होण्याची वाट पाहत होता. त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. रात्री तो मुंबईस निघून गेला.

दहा वर्षांचा करार असा काही दिवसांत संपला. मग प्रश्न उरतो: भीमरावांनी दिलेला शब्द मोडला काय? कागदावर पाहिले तर करारातील दहा वर्षे त्यांनी पुरी केली नाहीत, हे खरेच आहे. पण नोकरी करणाऱ्याला रात्री पाठ टेकण्यापुरती जागा लागते आणि ती त्या शहराने दिली नाही. त्यांनी आपली अडचण महाराजांच्या कानी घातली होती. महाराजांनी ते प्रकरण दिवाणांकडे सोपवले आणि दिवाणांनी आपली असमर्थता व्यक्त केली. सयाजीरावांसारख्या उदार राजाची इच्छादेखील येथे अपुरी पडली. रामजींना जी भीती वाटली होती, ती अक्षरशः खरी ठरली.

मुंबईत थोडे दिवस खाजगी शिकवण्या वगैरे करून नोव्हेंबर १९१८ मध्ये भीमराव सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. वेतन दरमहा साडेचारशे रुपये होते. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असे तेथेही काही सहकाऱ्यांचे म्हणणे पडले. तरी वेतन चांगले होते आणि रमाबाईंच्या संसाराला प्रथमच थोडी ऊब आली होती. पण ती चार वर्षांची मुदत? ती एकेक दिवसाने सरत होती. १९२१ चा ऑक्टोबर उलटला, की लंडनचे दार बंद होणार होते. तेव्हा भीमरावांनी पुन्हा तोच मार्ग धरला. घरखर्च काटकसरीने चालवून त्यांनी पैसे शिल्लक टाकले, नवल भथेनांकडून पाच हजार रुपये कर्ज घेतले आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीही त्यांना साहाय्य केले. मार्च १९२० मध्ये त्यांनी प्राध्यापकाच्या जागेचा राजीनामा दिला.

लंडनला निघण्यापूर्वी थोडेच आठवडे आधी त्यांचे पाऊल नागपुरात पडले. नागपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाड यांची राजधानी होती. १९२० सालच्या मे महिन्याच्या अखेरीस तेथे अखिल भारतीय बहिष्कृत समाजाची परिषद भरली. अध्यक्ष होते राजर्षी शाहू महाराज. अस्पृश्य समाजाचे कायदेमंडळातील प्रतिनिधी कोणी निवडावेत, हा तेव्हा वादाचा प्रश्न होता. ते त्या समाजाच्या संस्थांनीच निवडले पाहिजेत. ती निवड इतरांच्या हाती सोपवून चालणार नाही, अशी बाजू भीमरावांनी मांडली आणि परिषदेला ती पटवून दिली. कोलंबियात मिळवलेली विद्या आपल्या माणसांच्या कामी कशी येते, याचा हा एक पहिला प्रत्यय होता. सभा जिंकून आलेल्या तरुण पुढाऱ्याने अशा वेळी सभांच्याच मागे लागावे, हे स्वाभाविक होते. भीमराव मात्र जुलैमध्ये आगबोटीत बसले आणि पुन्हा विद्यार्थी झाले.

लंडनमधील त्यांची दिनचर्या कोणालाही हेवा वाटावा अशी नव्हती. सकाळी मिळेल तो थोडासा फराळ करून ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात आणि ते बंद होईपर्यंत तेथून हलत नसत. रात्री भूक लागली, की एका परिचिताने दिलेले चार पापड भाजून खात आणि पहाटेपर्यंत वाचत बसत. १९२१ मध्ये त्यांना एम. एस्सी. व १९२३ मध्ये डी. एस्सी. ही पदवी मिळाली. ते बॅरिस्टरही झाले.

आता त्यांच्या तीन ग्रंथांच्या अर्पणपत्रिका पाहा. ग्रंथ उघडताना आपण ते पान बहुधा न वाचताच उलटतो. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस, त्यांनी आपल्या शिक्षणासाठी केलेल्या त्यागाबद्दलच्या कृतज्ञतेने, अर्पण केला. सुरतेला सुटलेल्या गाडीला तेव्हा दहा वर्षे होऊन गेली होती. १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ निघाला. हाच त्यांचा कोलंबियाचा प्रबंध. त्यावर त्या विद्यापीठाने पुढे १९२७ मध्ये त्यांना डॉक्टरेट दिली. तो ग्रंथ त्यांनी शिक्षणातील साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून सयाजीराव महाराजांना अर्पण केला. बडोद्यात जे सोसावे लागले, त्याचा कडवटपणा महाराजांच्या उपकारांवर त्यांनी पडू दिला नाही. आणि १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावर लिहिलेला ग्रंथ त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीस अर्पण केला. रमाबाई १९३५ मध्ये निवर्तल्या होत्या. मित्र नसलेल्या, विवंचनेच्या दिवसांत त्यांनी धीराने आपल्याबरोबर हालअपेष्टा सोसल्या, हे बाबासाहेबांनी त्या पानावर लिहून ठेवले आहे.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब पुन्हा नागपुरात आले. तेथे १८ ते २० जुलै या दिवसांत अखिल भारतीय दलित वर्गांची विराट परिषद भरली होती. त्याच महिन्यात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर त्यांची नेमणूक झालेली होती. परिषदेला जोडून स्त्रियांचीही स्वतंत्र परिषद झाली. तिच्या अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि हजारो स्त्रिया उपस्थित होत्या. मुलामुलींना शिकवा, स्वच्छ राहा, मुलांच्या लग्नांची घाई करू नका, असे बाबासाहेबांनी त्यांना सांगितले. एकोणतीस वर्षांपूर्वी न्यूयॉर्कहून लिहिलेल्या पत्रातील विचार आता त्या बायाबापड्यांच्या कानी प्रत्यक्ष पडत होता.

दिल्लीस गेल्यावर त्यांनी अस्पृश्य समाजाच्या शिक्षणाचा प्रश्न सरकारपुढे मांडला. सरकारने या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी दरवर्षी तीन लक्ष रुपये मंजूर केले. त्यांतून काही तरुण परदेशी जाऊ शकले. एका राजाच्या मर्जीने एका मुलाला जे मिळाले होते, ते सरकारी खजिन्यातून पुष्कळांना मिळू लागले.

५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना बोलावून सन्माननीय पदवी दिली. त्यानंतर चार वर्षांनी, ऑक्टोबर १९५६ मध्ये, ते अखेरचे नागपूरला आले. प्रकृती पार खालावली होती. काठीचा आणि माणसांचा आधार घेतल्यावाचून चालता येत नव्हते. सीताबर्डीवरील श्याम हॉटेलात त्यांचा मुक्काम होता. १४ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या दिवशी, लाखो अनुयायांसमोर त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. कुशीनाराचे वृद्ध भिक्खू चंद्रमणी यांनी ती दिली. केळुसकर गुरुजींनी मॅट्रिक झालेल्या मुलाच्या हाती बुद्धाचे चरित्र ठेवले, त्याला तेव्हा एकोणपन्नास वर्षे झाली होती. पुढे दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीस बाबासाहेबांचे निधन झाले.

जेथे तो दीक्षासमारंभ झाला, त्याच आवारात १९६४ साली डॉ. आंबेडकर महाविद्यालय सुरू झाले. विजयादशमीची गर्दी ओसरते, पुस्तकांची दुकाने उठतात, मांडव उतरतात. आणि त्या महाविद्यालयाची घंटा पुन्हा वाजू लागते.